पीएफओ बुजवल्यानंतरचा पक्षाघात : पार्श्वभूमी

पायातली गुठळी पीएफओतून, म्हणजे हृदयाच्या वरच्या दोन कप्प्यांमधल्या पडद्यात जन्मानंतरही उघड्या राहिलेल्या छिद्रातून, डावीकडे शिरून मेंदूत जाते, ही कल्पना १८७७ पासूनची. उपचारावर तिचा परिणाम झाला तो मात्र १९८८ नंतर. तरुण वयात पक्षाघात झालेल्यांत पीएफओ बरेच अधिक आढळतो, असे त्या वर्षी दोन अभ्यासांनी दाखवले. १९९२ पर्यंत जांघेतल्या शिरेतून छत्रीसारखे उपकरण (‘छत्री’) नेऊन छिद्र बुजवल्याचे अहवालही आले. तुलनात्मक पुरावा यायला आणखी वीस वर्षे लागली.

छत्री आणि केवळ औषधे यांची तुलना करणाऱ्या २०१२ च्या प्रयोगात ९०९ रुग्ण होते. दोन वर्षांत ठोस फरक दिसला नाही, उलट छत्रीच्या गटात ५.७ टक्के जणांना एट्रियल फिब्रिलेशन (हृदयाचे अनियमित ठोके, ज्यातून गुठळी होऊन पक्षाघात येऊ शकतो) झाले. औषधाच्या गटात ०.७ टक्के. २०१३ च्या प्रयोगात पुन्हा पक्षाघात झाला तो छत्रीच्या गटात ९ जणांना, औषधाच्या गटात १६ जणांना. त्या नऊपैकी तिघांना झटका आला तेव्हा छत्री बसलेलीच नव्हती. ज्या गटात नाव पडले तिथेच मोजायचे, हा नियम योग्यच आहे. पण त्यामुळे ‘बुजवूनही झाला’ या आकड्यात तेही आले, हे लक्षात ठेवायला हवे.

खरा गुंता ‘क्रिप्टोजेनिक’ (कारण न सापडलेला) या शब्दात आहे. १९९३ च्या वर्गीकरणात ‘कारण अनिश्चित’ या एकाच खणात तीन प्रकारचे रुग्ण बसवले गेले : सर्व तपासण्या करूनही कारण न सापडलेला, दोन कारणे सापडल्याने नक्की कोणते ते न ठरलेला आणि तपासण्याच अर्धवट राहिलेला. व्यवहारात तिघांनाही क्रिप्टोजेनिक म्हटले गेले. दर चार प्रौढांत एकाला पीएफओ असतोच. त्यामुळे तिसऱ्या प्रकारच्या रुग्णात छिद्र दिसले की दोष त्याच्यावर आला. हृदयाचे ठोके सलग टिपणाऱ्या चोवीस तासांच्या होल्टर तपासणीत अधूनमधून येणारे फिब्रिलेशन सहज निसटते. अशा रुग्णाचे छिद्र बुजवले तरी पक्षाघाताचे मूळ कारण तसेच राहते. पुन्हा येणाऱ्या झटक्यांचे खापर छत्रीवर फुटते, पण चूक बहुधा निवडीतच झालेली असते.

२०१७ मध्ये निवड कडक झाली आणि चित्र पालटले. छिद्रातून मोठी गळती किंवा हलणारा पडदा असलेल्यांच्या एका प्रयोगात छत्रीच्या २३८ जणांत एकही पक्षाघात झाला नाही. केवळ प्लेटलेटविरोधी (ॲस्पिरिनसारख्या) गोळ्या घेणाऱ्या २३५ जणांत १४ झाले. २०२१ मध्ये सहा प्रयोगांतले ३,७४० रुग्ण एकत्र तपासले गेले. छिद्रच कारण असण्याची दाट शक्यता असलेल्यांत धोका ९० टक्के घटला. ती शक्यता कमी होती त्यांना काहीच लाभ झाला नाही. छत्रीच्या गटात पुन्हा पक्षाघाताचे एकूण प्रमाण वर्षाला ०.४७ टक्के उरले, शून्य नव्हे.

गोव्यासाठी हा मुद्दा जवळचा आहे. २०२३ च्या देशव्यापी पाहणीत मधुमेहाचे प्रमाण इथे सर्वाधिक, २६.४ टक्के निघाले. पक्षाघाताला छिद्रच कारण असण्याची शक्यता मोजणाऱ्या रोप गुणांकात (गुण जास्त तितकी शक्यता जास्त) मधुमेह नसल्याचा एक गुण, रक्तदाब नसल्याचा एक. वय १८ ते २९ असल्यास पाच, ५० ते ५९ असल्यास दोनच. दोन्ही आजार असलेल्या बावन्न वर्षांच्या माणसाला दहापैकी जास्तीत जास्त पाच मिळतात. बोटीवरच्या नोकरीवरून लांबचा विमानप्रवास करून परतलेल्या, कुठलाही आजार नसलेल्या तरुणाची गोष्ट वेगळी. त्याच्या पायांच्या शिरांची सोनोग्राफी लगेच व्हायला हवी, कारण पुढे गुठळी विरघळून जाते.

छत्री बसल्यावरचे फिब्रिलेशन बहुतेक पहिल्या दीड महिन्यात दिसते. तेव्हा छाती धडधडली की त्याच दिवशी ईसीजी काढावा. सहा महिन्यांनी बुडबुड्यांची इको (शिरेत बारीक बुडबुडे सोडून केलेली हृदयाची सोनोग्राफी) करून गळती उरली आहे का ते पाहतात. सुरुवातीच्या दोन प्लेटलेटविरोधी गोळ्यांपैकी एक काही महिन्यांनी थांबते. दुसरी काही वर्षे घ्यावी लागते आणि ‘छिद्र बुजले’ म्हणून नेमकी तीच सोडली जाते.