पँट, पांतोलोन आणि तुमान: पायांतल्या कपड्यांच्या नावांमागचा इतिहास

इंग्रजीतली 'पँट्स' आणि तुर्कीतलं 'पांतोलोन' ही दोन्ही नावं एकाच माणसावरून आली आहेत, आणि हा माणूस रंगमंचापलीकडे कधी अस्तित्वातच नव्हता. सोळाव्या शतकात इटलीत मुखवटे घालून फिरती नाटकं करणाऱ्या मंडळ्या होत्या. त्यांच्या खेळांत पांतालोने नावाचा एक चिक्कू, म्हातारा, व्हेनिसचा व्यापारी हमखास असे. व्हेनिसमध्ये संत पांतालेओने यांच्यावर लोकांची मोठी श्रद्धा होती, त्यावरून हे नाव पडलं असं मानतात. या पात्राच्या पायांत तंग, लाल, घोट्यापर्यंतचं वस्त्र असायचं. फ्रेंच लोकांनी पुढे तसल्या लांब वस्त्रालाच 'पांतालों' म्हणायला सुरुवात केली.

हा शब्द जगभर गेला तो फ्रेंच राज्यक्रांतीनंतर. त्याआधी फ्रान्समधले उमराव गुडघ्यापर्यंतची तंग 'क्युलोत' घालत आणि खाली रेशमी मोजे चढवत. कारागीर आणि मजूर लांब पांतालों घालत. म्हणूनच क्रांतीतल्या सामान्य लोकांना 'सां-क्युलोत', म्हणजे क्युलोत नसलेले, हे नाव पडलं. क्युलोत मागे पडली आणि मजुरांचा कपडा पुढे साऱ्या युरोपातल्या प्रतिष्ठितांचा झाला. इंग्रजीत तो 'पँटलून्स' झाला, आणि अमेरिकेत एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत त्याचं आखडून 'पँट्स' झालं. आपल्याकडच्या जुन्या लेखनातली 'कोट-पाटलोण' याच पँटलूनची.

कपडा मात्र नावापेक्षा फार जुना आहे, आणि तो घोड्यामुळे आला. आजवर सापडलेल्या सर्वांत जुन्या विजारींमध्ये मोडणाऱ्या लोकरीच्या विजारी चीनच्या शिनजियांग प्रांतात तुर्फानजवळच्या यांगहाय इथल्या थडग्यांत मिळाल्या. त्या सुमारे 3000 वर्षांपूर्वीच्या आहेत. दोन पायांसाठी दोन विणलेले पट्टे आणि मध्ये पाय फाकवायला सोय व्हावी म्हणून जोडलेला रुंद तुकडा, अशी त्यांची घडण आहे. घोड्यावर मांड ठोकून दिवसचे दिवस काढायचे तर गुंडाळलेलं वस्त्र चालत नाही, हे स्टेपच्या, म्हणजे मध्य आशियातल्या गवताळ मैदानांवरच्या भटक्या लोकांना कळलं होतं. चीनमधल्या झाओ राज्याच्या वुलिंग राजाने इसवी सनपूर्व 307 मध्ये आपल्या घोडदळाला याच भटक्यांचा वेष दिला. ग्रीक आणि रोमन लोकांना मात्र विजार म्हणजे रानटीपणाची खूण वाटे. चौथ्या शतकाच्या अखेरीस रोमन सम्राट होनोरियस याने रोम शहरात विजार घालायला कायद्याने बंदी केली. तोवर रोमचे सैनिक स्वतःच त्या घालू लागले होते.

तुर्क हे याच स्टेपचे घोडेस्वार. महमूद काश्गारी याने अकराव्या शतकात, 1072 च्या सुमारास, तुर्की बोलींचा मोठा कोश लिहायला घेतला. त्यात विजारीसाठी 'उम' हा अस्सल तुर्की शब्द नोंदवलेला आहे. पण आजच्या तुर्कस्तानात 'उम' कुणी म्हणत नाही. तुर्क पश्चिमेला इराणकडे सरकले, तिथली दरबारी भाषा फारसी, आणि त्यांनी फारसी 'शलवार' उचलला. घोडेस्वारांनीच आपल्या मुख्य कपड्याचं नाव सोडून द्यावं हे मला फार बोलकं वाटतं. फारसी शब्दाचा पसाराच तेवढा होता. अरबीत तो 'सिरवाल' झाला, तिथून स्पॅनिश आणि पोर्तुगीजमध्ये गेला, रशियनमध्ये 'शारोवारी' झाला, आणि आपल्याकडे सलवार आणि सुरवार.

अस्सल तुर्की असलेला एक शब्द मात्र टिकला: 'दोन'. उच्चार आपल्या आकड्यासारखाच. मंगोलियातल्या ओरखोन खोऱ्यात राजपुत्र क्युल तेगिनच्या स्मरणार्थ 732 मध्ये उभारलेल्या शिळेवर त्याचं जुनं रूप 'तोन' आहे, आणि तिथे त्याचा अर्थ सरळ 'कपडे' असा आहे. पोटात अन्न नाही, अंगावर वस्त्र नाही अशा प्रजेवर मी राज्य करू लागलो, असं तिथे क्युल तेगिनचा भाऊ, तुर्कांचा खान, सांगतो. तेराशे वर्षांत या शब्दाची व्याप्ती आटत गेली. आज इस्तंबूलमध्ये 'दोन' म्हणजे आतली चड्डी.

असंच वारंवार घडताना दिसतं. सत्तेबरोबर, सैन्याबरोबर नवं नाव येतं आणि बाहेरच्या कपड्याला चिकटतं. जुनं नाव एकतर आतल्या कपड्यावर जातं किंवा खेड्यात राहतं. तुर्कस्तानात याचा टप्पा अगदी नेमका दाखवता येतो. 1826 मध्ये सुलतान दुसरा महमूद याने जुनं जानिसारी सैन्य मोडून काढलं आणि युरोपीय धर्तीवर नवी फौज उभी केली. 1829 च्या फर्मानाने मुलकी अधिकाऱ्यांचे झगे आणि पागोटी जाऊन फेझ टोपी, लांब कोट आणि पांतोलोन आलं. धर्मपंडितांना तेवढी सूट मिळाली. तेव्हापासून कचेरीत पांतोलोन आणि गावाकडे शाल्वार अशी वाटणी होत गेली. पोटऱ्यांवर तंग आणि वर ढगळ असलेली 'पोतुर', तिच्याच जातीची 'चाकशीर', ही नावं आता मुख्यतः लोकनृत्याच्या वेषांत उरली आहेत. आणि ज्या क्युलोतवरून फ्रान्समध्ये माणसांची प्रतिष्ठा ठरत होती, ती तुर्कीत आली ती प्रामुख्याने बायकांची निकर म्हणून.

इंग्रजीतही तीच गत. तिथला जुना शब्द 'ब्रीचेस'. 'ट्राउझर्स' हा मूळचा इंग्रजी नाही. आयर्लंड-स्कॉटलंडच्या गेलिक भाषेतल्या 'त्रिउस'वरून तो आला आणि 'ड्रॉवर्स' (आतली विजार) या शब्दाच्या धर्तीवर त्याला शेपूट जोडलं गेलं. अमेरिकेत पँट्स बाहेर राहिली, ब्रिटनमध्ये तिचा अर्थ अंतर्वस्त्र झाला. पुण्याहून लंडनला गेलेल्या माणसाने दुकानात 'पँट्स' मागितली तर त्याच्यापुढे चड्ड्यांची पाकिटं येतात ती यामुळे.

तुर्की विजारीचा इंग्रजी जगावर खरा परिणाम झाला तो बायकांच्या बाबतीत. ब्रिटिश राजदूताची पत्नी लेडी मेरी वॉर्टली माँटेग्यू हिने 1717 मध्ये तुर्कस्तानातल्या एदिर्नेहून बहिणीला लिहिलेल्या पत्रात आपल्या नव्या तुर्की वेषाचं वर्णन केलं आहे: गुलाबी रंगाचं तलम वस्त्र, त्यावर रुपेरी फुलं, पायातल्या जोड्यांपर्यंत पोचणारी घोळदार विजार. तुमच्या इंग्रजी घागऱ्यांपेक्षा ती पाय अधिक शालीनपणे झाकते, असंही तिने बजावलं. यानंतर तब्बल 134 वर्षांनी, 1851 मध्ये, न्यूयॉर्क राज्यातल्या सेनेका फॉल्स गावात एलिझाबेथ स्मिथ मिलर आखूड झग्याखाली तशीच विजार घालून आली. अमेलिया ब्लूमर हिने आपल्या 'द लिली' या पत्रातून तिचा पुरस्कार केला. आधी लोक तिला 'तुर्की विजार'च म्हणत. वर्तमानपत्रांनी टिंगल करत तिला 'ब्लूमर' हे नाव दिलं. त्या बायकांनी सोसलेली हेटाळणी लक्षात घेतली, तर या शब्दाकडे केवळ फॅशनचा शब्द म्हणून पाहवत नाही.

मराठीचा यात स्वतःचा धागा आहे. 'डंगरी' हा शब्द मुंबईच्या डोंगरीचा. तिथल्या जाड्याभरड्या सुती कापडाचं हे नाव सतराव्या शतकात इंग्रजीत गेलं, आणि पुढे त्या कापडाच्या खलाशी-कामगारांच्या कपड्यांना लागलं. त्याहून मला जवळची वाटते ती आपली तुमान. फारसी 'तुंबान'वरून ती आली. अफगाणिस्तानात सदरा-सलवारीच्या जोडीला अजून 'पेरहान-तुंबान' म्हणतात, आणि तुर्कस्तानच्या अनातोलिया भागातल्या काही खेड्यांत 'तुमान' हा शब्द जसाच्या तसा आहे. आपल्याकडे तुमान, सुरवार, विजार ही सगळी नावं फारसी दरबारी भाषा असलेल्या राजवटींच्या काळात रुजली. विजारीचं मूळ असलेला अरबी 'इझार' तर मुळात न शिवलेला, कमरेला गुंडाळायचा पंचा. मग पाटलोण आली, तिची पँट झाली, आणि तुमान शहरातून गेली. कोल्हापूर-साताऱ्याकडच्या म्हाताऱ्या माणसांच्या तोंडी ती ऐकू येते, तेव्हा तिचं नातं थेट अनातोलियाच्या शेतकऱ्याशी आहे हे सांगावंसं वाटतं. गोव्यात कोकणीने वेगळी वाट धरली. तिथलं 'कालसांव' पोर्तुगीजांकडून आलेलं.

तुर्कीत यानंतरही नावं येत राहिली. 'पिजामा' मूळचा फारसी 'पायजामा', पण शेजारच्या इराणकडून न येता हिंदुस्थान, इंग्लंड आणि फ्रान्स असा वळसा घालून आला. जीन्सला तुर्कस्तानात 'कोट' म्हणतात, आणि त्याचा आपल्या कोटाशी संबंध नाही. 1960 च्या सुमारास मुहतेशेम कोट या कारखानदाराने तिथे जीन्स शिवायला सुरुवात केली, त्याचं आडनावच कपड्याचं नाव झालं.

तुर्कस्तानात विजारींची नावं अशी येत राहिली, तरी तिथल्या संसदेत मात्र बाई सदस्यांना नियमाने स्कर्ट-कोटच सक्तीचा होता. एक पाय कृत्रिम असलेल्या शफाक पावेय 2011 मध्ये निवडून आल्या, आणि हा नियम किती अन्यायाचा आहे हे सर्वांना दिसलं. 2013 च्या नोव्हेंबरमध्ये तो बदलला आणि तुर्की संसदेत बायकांना पांतोलोन घालायची मुभा मिळाली.