शाब्ली

शाब्ली : फ्रान्समधील पांढऱ्या वाइनचा प्रदेश. बर्गंडी या वाइनप्रांताच्या उत्तर टोकाला, योन जिल्ह्यात सरँ नदीच्या दोन्ही तीरांवर त्याचे द्राक्षमळे पसरले आहेत. बर्गंडीचा भाग असला तरी बर्गंडीतील बोन या वाइनकेंद्रापेक्षा तो शँपेन प्रांताच्या दक्षिणेकडील मळ्यांना जवळ आहे. शाब्लीच्या नावाने विकली जाणारी वाइन केवळ शार्दोने या वाणाचीच असते. त्यामुळे दोन मळ्यांच्या चवीतला फरक वाणाचा नसून जागेचा आणि बनवणाऱ्या हाताचा ठरतो.

उतारांवर जुरासिक काळातील, सुमारे १५ कोटी वर्षांपूर्वीचे किमरिजियन थर आहेत : चुनखडी आणि चुनामिश्रित चिकणमाती एकाआड एक, त्यांत स्वल्पविरामाच्या आकाराच्या चिमुकल्या कालवांचे जीवाश्म. पठारावर त्याहून नवी व कठीण पोर्टलँडियन चुनखडी असून तेथे मुख्यतः ‘पती शाब्ली’ ही साधी श्रेणी पिकते. ‘शाब्ली’ हे नाव किमरिजियन जमिनीपुरतेच ठेवावे की नाही, यावर उत्पादकांत बरीच वर्षे वाद झाला आणि १९७०च्या दशकाच्या अखेरीस विस्तारवाद्यांची सरशी झाली.

या वाइनमधील ‘खनिज’ चव कालवांच्या शिंपल्यांतून येते असे विक्रेते हौसेने सांगतात. ते पटणारे नाही. वेलीची मुळे खडकाची चव घोटापर्यंत वाहून आणत नाहीत. चुनखडीची जमीन पाण्याचा निचरा करते, चिकणमाती ओल धरून ठेवते; जमिनीचे काम मुख्यतः एवढेच. तीक्ष्ण आंबटपणा थंड हवेचा. शिवाय किमरिजियन माती ‘पती शाब्ली’च्या वरच्या तिन्ही श्रेणींत (शाब्ली, प्रेमिये क्रू, ग्रां क्रू) सापडते, पण सर्वोच्च ‘ग्रां क्रू’ दर्जा उजव्या तीरावरील एकाच नैर्ऋत्याभिमुख टेकडीला आहे : ले क्लो, वोदेझीर आदी सात मळे, जेमतेम १०० हेक्टर. तेथे दुपारचे ऊन जास्त मिळते आणि द्राक्षे पूर्ण पिकतात.

वसंतातील दहिवर (गोठलेले दव) हा येथला खरा शत्रू. एप्रिलमध्ये वेलींचे डोळे (अंकुर) फुटले की रात्री मळ्यांत शेगड्या पेटवतात किंवा तुषार सिंचनाने कोंबांवर पाणी मारतात. पाणी गोठताना बाहेर पडणारी सुप्त उष्णता कोंबाचे तापमान शून्याच्या आसपास राखते; मात्र फवारा मध्येच थांबला तर नुकसान वाढते. तापमानवाढीने द्राक्षे लवकर पिकू लागली, तसे डोळेही लवकर फुटू लागले. एप्रिल २०२१च्या कडाक्यात असेच कोवळे कोंब मोठ्या प्रमाणावर जळाले.