न्यूयॉर्कमध्ये नववीचा प्रवेश: स्पेशलाइज्ड हायस्कूल आणि प्रायव्हेट शाळा

सरकारी स्पेशलाइज्ड हायस्कूल घ्यायचं की प्रायव्हेट शाळा, हे अर्ज भरताना ठरलेलं नसलं तरी चालतं. दोन्ही अर्ज मात्र मूल आठवीत गेल्यावर सप्टेंबर-ऑक्टोबरपासून बरोबरीनेच भरायला हवेत.

स्टायव्हेसंट, ब्राँक्स सायन्स, ब्रुकलिन टेक धरून आठ स्पेशलाइज्ड शाळा एसएचएसएटी या शहराच्या प्रवेशपरीक्षेवर प्रवेश देतात. मूल आठवीत किंवा पहिल्यांदाच नववीत असावं आणि न्यूयॉर्क शहरात राहत असावं. सध्या प्रायव्हेट शाळेत असलेल्या मुलालाही बसता येतं. न्यू जर्सी राज्यात, म्हणजे एडिसन किंवा जर्सी सिटीत घर असेल तर मात्र नाही, पालकांची नोकरी मॅनहॅटनमध्ये असली तरी. परीक्षेला फी नाही.

नोंदणी शहराच्या मायस्कूल्स या ऑनलाइन पोर्टलवर होते. सरकारी शाळेतल्या मुलांना तिथलं खातं उघडण्याचा कोड शाळेतूनच मिळतो. नव्याने आलेल्यांनी फॅमिली वेलकम सेंटर या शहराच्या प्रवेश-कार्यालयात पासपोर्ट किंवा जन्मदाखला, लसीकरणाची नोंद, मागचं प्रगतिपुस्तक आणि पत्त्याचे दोन पुरावे न्यावेत. गाडी अडते ती पत्त्यावर. वीज-गॅसचं बिल गेल्या 60 दिवसांतलं लागतं. भाडेकरार दुसऱ्याच्या नावावर असेल, तर त्या व्यक्तीचं नोटराइज्ड प्रतिज्ञापत्र आधीच करून ठेवा. आयईपी किंवा 504 प्लॅन (विशेष गरजा असलेल्या मुलांसाठी शाळेने केलेली अधिकृत योजना) असलेल्यांना परीक्षेत सवलती मिळतात, पण त्याची कागदपत्रं वेळेत नोंदलेली हवीत.

इंग्रजी आणि गणित मिळून तीन तास. 2025 पासून परीक्षा कॉम्प्युटरवर आहे. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, त्यामुळे एकही प्रश्न कोरा सोडू नये.

सर्वांत जास्त गोंधळ होतो तो पसंतीक्रमात. सर्वाधिक गुणांच्या मुलापासून सुरुवात करून, प्रत्येकाच्या यादीतली जागा शिल्लक असलेली पहिली शाळा त्याला दिली जाते. म्हणून स्टायव्हेसंट पहिलं लिहिल्याने ब्रुकलिन टेकची संधी कमी होत नाही. शाळा खऱ्या आवडीच्या क्रमाने लिहा आणि जिथे रोजचा प्रवास झेपणार नाही ती लिहूच नका.

प्रायव्हेटमध्ये प्रत्येक शाळेचा अर्ज वेगळा: सातवी-आठवीचे गुण, गणित आणि इंग्रजीच्या शिक्षकांची शिफारसपत्रं, मुलाखत, आणि बहुतेक ठिकाणी आयएसईई किंवा एसएसएटी ही प्रायव्हेट शाळांची प्रवेशपरीक्षा. नववीसाठी या परीक्षांची ‘अपर लेव्हल’ निवडायची. एसएसएटीत चुकीच्या उत्तराला पाव गुण कापला जातो, आयएसईईत नाही. शिक्षकांना पत्रासाठी महिनाभर आधी सांगावं.

मॅनहॅटनमधल्या अनेक प्रायव्हेट शाळांची वार्षिक फी 60 हजार डॉलरच्या वर आहे. आर्थिक मदतीचा अर्ज वेगळा असतो. त्याला टॅक्स रिटर्न आणि डब्ल्यू-2 (नोकरीच्या पगाराचं वार्षिक पत्रक) लागतात आणि तो प्रवेशअर्जाबरोबरच भरायचा. प्रवेश मिळाल्यावर बघू म्हणाल, तर त्या वर्षीचा निधी वाटून झालेला असू शकतो.

कॉलेजच्या तयारीत खरा फरक पडतो तो कौन्सेलरमध्ये, म्हणजे कॉलेजप्रवेशाचं मार्गदर्शन करणाऱ्या शाळेतल्या समुपदेशकात. सरकारी हायस्कूलच्या वर्गात 34 पर्यंत मुलं असू शकतात आणि एका कौन्सेलरकडे खूप मुलं, त्यामुळे पत्रं, मुदती, निबंध यांचा पाठपुरावा मुलानेच करायचा. गणित-विज्ञानाची ओढ असलेल्या, स्वतःहून काम करणाऱ्या मुलासाठी एवढी फी मोजायचं कारण आम्हाला दिसत नाही. लहान वर्गात खुलणाऱ्या मुलाचं वेगळं. पुरेशी मदत मिळत असेल तर प्रायव्हेट जरूर घ्यावं.

शहराच्या सरकारी शाळांचा निकाल मार्चमध्ये येतो. प्रायव्हेटची जागा पक्की करण्याची तारीख त्याआधी पडू शकते. डिपॉझिट सहसा परत मिळत नाही, आणि ठरावीक तारखेनंतर पूर्ण वर्षाची फी देण्याची अट करारात असू शकते. सही करण्याआधी ती तारीख शोधून वाचा.