खर्च आणि गुंतवणूक एकाच अ‍ॅपमध्ये: मागचा इतिहास आणि गोव्यातलं कलम ५ए

बँकेतली शिल्लक, म्युच्युअल फंड, शेअर, एफडी आणि महिन्याचा खर्च, सगळं एका स्क्रीनवर बघायची सोय आज फोनवर आहे, पण आपल्याकडे ती बऱ्याच आडवाटेनं आली. आजच्या अ‍ॅपमध्ये ज्या गोष्टींवर लोक वैतागतात त्यातल्या निम्म्या तरी त्या आडवाटेमुळे आहेत. उरलेल्यांपैकी एक गोष्ट मुख्यतः गोव्याची आहे, नवरा-बायकोचं उत्पन्न करासाठी अर्धं-अर्धं वाटणारं आयकर कायद्याचं कलम ५ए, आणि तिच्याकडे अ‍ॅप बनवणाऱ्यांनी ढुंकूनही बघितलेलं नाही.

फार मागं जायची गरज नाही. पोर्तुगीज काळात इथं एकच मोठी बँक होती आणि लोक तिच्याकडे दागिने गहाण ठेवायचे. डिसेंबर १९६१ मध्ये गोवा मुक्त व्हायच्या बेतात असताना ते सोनं लिस्बनला नेलं गेलं आणि परत यायला १९९१ साल उजाडलं. आमच्या आधीच्या पिढीला "आपलं काय, कुठं, किती आहे" हे स्वतःच्या वहीत लिहून ठेवायची सवय होती, त्यामागं असे अनुभव होते. नंतर पिग्मी आली. ती मूळची उडुपीकडची, १९२८ सालची कल्पना. रोज दुकानावर येऊन दहा-वीस रुपये नेणारा एजंट आणि त्याचं छोटं पासबुक. डिचोली, फोंडा, पेडणे भागात ही पिग्मी अजून जोरात चालते. ती अ‍ॅपमध्ये का दिसत नाही ते पुढं येईल.

घरचा हिशोब कॉम्प्युटरवर ठेवायची सुरुवात अमेरिकेत झाली. १९८४ चं क्विकन, १९९१ चं मायक्रोसॉफ्टचं मनी, ही फ्लॉपीवर, नंतर सीडीवर मिळणारी, डेस्कटॉपवर चालणारी सॉफ्टवेअर. २००७ ला मिंट आलं आणि खरी क्रांती तिथं झाली कारण त्यात हातानं काही भरायचंच नव्हतं. बँकेचा युजरनेम-पासवर्ड अ‍ॅपला द्यायचा की ते आपोआप सगळं ओढून घ्यायचं. दोनच वर्षांनी ते १७ कोटी डॉलरला विकलं गेलं आणि २०२४ च्या मार्चमध्ये बंद पडलं. फुकट होतं ना! आपली सगळी वर्षं ज्यांच्या हवाली केली त्यांनी एक दिवस दुकान बंद करून शेजारच्या दुकानात जा सांगितलं, असं झालं ते. अ‍ॅप निवडताना मी पहिल्यांदा एक्सेलमध्ये डेटा बाहेर काढता येतो का ते बघतो, ते यामुळंच.

ही पासवर्डची युक्ती भारतात फारशी चालली नाही. आपल्याकडे पासवर्डच्या जोडीला ओटीपी असतो, आणि दर वेळी ओटीपी टाकत बसायचं तर आपोआप कसलं. मग इथल्या अ‍ॅपवाल्यांनी मेसेज वाचायला सुरुवात केली. बँक प्रत्येक व्यवहाराचा एसएमएस पाठवते, तो वाचायचा, रक्कम नि दुकानाचं नाव उचलायचं आणि खर्चाच्या खात्यात टाकायचं. २०१४-१५ च्या सुमाराला अशी बरीच अ‍ॅप आली आणि गंमत म्हणजे चांगली चालायची, कारण तेव्हा कार्डानं होणारे व्यवहार मोजकेच असायचे. मग २०१६ च्या एप्रिलमध्ये यूपीआय, नोव्हेंबरात नोटाबंदी, आणि चित्रच पालटलं. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात केळी, मिरची, सोलं, चणेकार, शेवटी मासळी असे सात-आठ पेमेंट सहज होतात आणि ते सगळे कुणा ना कुणा व्यक्तीच्या नावावर. अ‍ॅपला ती नुस्तेकान्न (मासळीवाली) आहे की तुमची मावशी आहे हे कळायला काही मार्ग नाही, ते बिचारं "ट्रान्सफर" म्हणून टाकतं आणि महिन्याच्या शेवटी तुमचा जेवणाखाण्याचा खर्च हास्यास्पद कमी दिसतो.

२०१८ च्या ऑक्टोबरात अँड्रॉइडवर मेसेज वाचायच्या परवानगीचे नियम कडक झाले, पैशांच्या अ‍ॅपना सूट मागून घ्यावी लागली. आयफोनवर तर ती परवानगी कधी नव्हतीच. त्याच सुमाराला खर्च मोजणारी काही अ‍ॅप कर्ज विकायला लागली. ज्याचे सगळे मेसेज वाचलेत त्याला केव्हा पैसे कमी पडतात हे तुम्हाला त्याच्याआधी कळतं, मग कर्ज विकणं सोपंच. मला हे तेव्हाही पटलं नव्हतं, आजही पटत नाही.

गुंतवणुकीची बाजू यापासून पार वेगळी वाढली. १९९६ च्या डिपॉझिटरी कायद्यानं शेअर कागदावरून डीमॅटमध्ये आले, २०१३ च्या जानेवारीपासून फंडांचे डायरेक्ट प्लान आले आणि एजंट मधून गेला, तसा हिशोब ठेवून देणाराही गेला. आधी एजंट दिवाळीला कॅलेंडरासोबत एक स्टेटमेंट आणून द्यायचा, ते आता आपणच करायचं. २०१५ पासून डीमॅट आणि फंड मिळून एकच एकत्रित स्टेटमेंट यायला लागलं, ज्याला सगळे सीएएस म्हणतात. आजही अनेक अ‍ॅप आतून तेच करतात, तुमचं सीएएस ईमेलमधून घेतात आणि फोडून दाखवतात. या सीएएसमध्ये एक मेख आहे. ते पॅन आणि होल्डिंगचा क्रम बघून बनतं. एका फोलिओत (फंडाच्या खात्यात) नवरा पहिला बायको दुसरी, दुसऱ्यात बायको पहिली नवरा दुसरा असं असेल तर ते एकत्र येत नाही, स्टेटमेंटं वेगळी. गोव्यात जॉइंट होल्डिंग हा नियमच आहे जवळजवळ, त्यामुळे इथल्या घरात दोन-तीन सीएएस असणं अगदी साधी गोष्ट.

या दोन बाजू जोडल्या त्या अकाउंट अ‍ॅग्रिगेटरनं. ही तुमच्या संमतीनं एका संस्थेकडची माहिती दुसरीकडे पोचवणारी मधली कंपनी. मध्यवर्ती बँकेचे नियम २०१६ च्या सप्टेंबरचे, प्रत्यक्ष सुरुवात २०२१ च्या सप्टेंबरात आठ बँकांपासून, आणि पुढच्या वर्षी बाजार नियामकानं फंड आणि डिपॉझिटरींनाही त्यात आणलं. पासवर्ड द्यायचा नाही, मेसेज वाचू द्यायचा नाही, कशासाठी, किती दिवस, कितीदा माहिती घेणार ते लिहिलेली संमती द्यायची आणि नको झाली तर मागं घ्यायची. मधल्या अ‍ॅग्रिगेटरला आतली माहिती दिसतही नाही. माझ्या मते आपल्याकडे या विषयात झालेलं हे सगळ्यात शहाणं काम. पण यात येतात त्या कुठल्या तरी वित्तीय नियामकाखालच्या संस्था. क्रेडिट सोसायटी राज्याच्या सहकार निबंधकाकडे नोंदलेली असते, ती यात येत नाही, आणि आपली पिग्मी बहुतेक तिथंच. सहकारी बँकाही सगळ्या आलेल्या नाहीत. २०२० ला म्हापशातल्या एका आणि २०२१ ला मडगावातल्या एका सहकारी बँकेचा परवाना गेला आणि ठेव विम्याच्या पाच लाखांच्या मर्यादेपेक्षा ज्यांची ठेव जास्त होती ते जागे झाले, तेव्हापासून "कुठल्या बँकेत किती" हे एका जागी बघायची गरज इथं उलट जास्त आहे. नेमकी तीच खाती हातानं भरावी लागतात.

आता कलम ५ए.

गोव्यात पोर्तुगीज दिवाणी संहिता चालते, १८६७ ची, इथं १८७० पासून लागू. लग्नाआधी वेगळा करार केला नसेल तर नवरा-बायकोची मालमत्ता सामायिक. हे इथं कुणाला सांगायला नको, लग्नाच्या नोंदणीच्या सह्या मारताना सगळे ऐकतातच. मुक्तीनंतर १९६३ पासून भारतीय आयकर गोव्याला लागू झाला आणि तिथून प्रश्न सुरू झाला की या सामायिक मालमत्तेतून येणारं उत्पन्न नेमकं कुणाचं धरायचं. दोघांचा मिळून एक घटक धरून त्याच्यावर कर? की अर्धं-अर्धं? यावर कोर्टकज्जे चालले, वर्षानुवर्षं, आणि शेवटी १९९४ मध्ये आयकर कायद्यात ५ए घातलं, तेही १ एप्रिल १९६३ पासून मागील प्रभावानं. म्हणजे तीस वर्षांचं भांडण एका कलमात मिटवलं. (कायद्यात संहितेचं साल १८६० असं छापलंय. खुद्द कायदाच सात वर्षं चुकतो, तिथं अ‍ॅपला काय बोलणार.)

५ए काय म्हणतं तर, दोघांचं मिळून कर लावायचा नाही, प्रत्येक शीर्षाखालचं उत्पन्न अर्धं-अर्धं वाटायचं आणि ज्याचा त्याचा कर ज्यानं त्यानं भरायचा. फक्त पगार सोडून. भाडं, धंदा, व्याज, डिव्हिडंड, भांडवली नफा हे सगळं वाटलं जाणार, पगार नाही. पगार का वगळला यावर आजही वाद होतो आणि मला तो वाद रास्त वाटतो. पसरो (किराणा दुकान) चालवणाऱ्या माणसाचं उत्पन्न बायकोत वाटलं जातं, त्याच पसऱ्याच्या वरच्या मजल्यावर राहणाऱ्या सरकारी कारकुनाचं नाही, संहिता मात्र दोघांना एकच. व्यवहार म्हणून बघितलं तर पगाराचा टीडीएस एका माणसाच्या नावानं कापला जातो वगैरे कारणं सांगता येतात, पण टीडीएस तर एफडीच्या व्याजावरही एकाच्याच नावानं कापला जातो आणि तो वाटून घ्यायची सोय रिटर्नमध्ये आहेच की.

याचा अ‍ॅपशी संबंध असा. अ‍ॅपच्या लेखी एक माणूस म्हणजे एक पॅन. समजा नवऱ्याच्या डीमॅटमधून शेअर विकून वर्षभरात २ लाखांचा दीर्घ मुदतीचा नफा झाला, बायकोचा काही नाही. २३ जुलै २०२४ पासूनच्या दरानं सव्वा लाख माफ, वरच्या ७५ हजारांवर साडेबारा टक्के, म्हणून अ‍ॅप सांगणार ९,३७५ रुपये कर, सेस वेगळा. ५ए लागू असलेल्या जोडप्यात तो नफा एक-एक लाख होतो, दोघंही सव्वा लाखाच्या आत, कर शून्य. अ‍ॅपमधलं जे "टॅक्स हार्वेस्टिंग" फीचर मार्चमध्ये नोटिफिकेशन पाठवून पाठवून डोकं खातं, की अमुक इतकेच युनिट विका म्हणजे माफीची मर्यादा पुरी वापरली जाईल, त्याचं गणित इथं मुळातच निम्मं आहे. आणि हे नेहमी फायद्याचंच असतं असंही नाही हं. बायको वरच्या स्लॅबमध्ये असेल आणि नवऱ्याला एफडीचं व्याज येत असेल तर अर्धं व्याज तिच्या दरानं कर खातं. अ‍ॅपमध्ये ते नवऱ्याच्या पानावर, कमी कराचं म्हणून निवांत बसलेलं असतं.

रिटर्न भरताना तर अजून मजा. साधा आयटीआर-१ चालत नाही, वाटायचं उत्पन्न आहे म्हटल्यावर पुढचा फॉर्म घ्यावा लागतो आणि त्यात शेड्यूल ५ए, जोडीदाराचं नाव, पॅन, मग घर, धंदा, भांडवली नफा, इतर अशा ओळी, प्रत्येकीसमोर एकूण किती, जोडीदाराकडे किती गेलं, टीडीएस किती, त्यातला किती गेला. या रकान्यांना लागणारा आकडा मी बघितलेल्या एकाही अ‍ॅपमधून सरळ निघत नाही. "फॅमिली" नावाचं फीचर आता बऱ्याच अ‍ॅपमध्ये आलंय खरं, पण ते फक्त दोघांची बेरीज दाखवतं, "आमची एकूण नेट वर्थ" छापाची, भागाकार करत नाही. आणि गोव्यात राहतो एवढ्यानं ५ए लागत नाही हेही लक्षात घ्या. बाहेरून येऊन इथं स्थायिक झालेले, लग्नाआधी वेगळ्या मालमत्तेचा करार केलेले, यांचं वेगळं. त्यामुळे अ‍ॅपवाल्यांना नुसता पिनकोड बघून हे करता येणार नाही, विचारावंच लागेल. तो प्रश्न ते विचारत नाहीत कारण गोवा आणि गुजरातजवळचा दमण-दीव, दादरा-नगरहवेलीचा तुकडा एवढंच हे कलम चालतं, आणि एवढ्याशा गिऱ्हाइकासाठी कोण कोड लिहितो.

१ एप्रिल २०२६ पासूनच्या नव्या आयकर कायद्यात कलमांचे नंबर बदलले, पण ही तरतूद ठेवलीय, त्यामुळे आज ना उद्या हे आपोआप सुटेल अशी आशा धरू नका. सध्या इथले लोक काय करतात तर दोघांच्या फोनवर वेगवेगळं अ‍ॅप, मार्चनंतर दोन्हीकडून भांडवली नफ्याचं स्टेटमेंट काढायचं, सोसायटीचं व्याज पासबुकावरून त्यात घालायचं, आणि एका एक्सेलमध्ये पगार सोडून प्रत्येक ओळ दोननं भागायची. नवरा शिपवर असेल तर अजून एक कटकट, संमतीची मुदत संपली की ओटीपी त्याच्या नंबरवर आणि तो नंबर समुद्रात रेंजबाहेर, मग तो बंदरावर लागेपर्यंत अ‍ॅपमध्ये जुनेच आकडे. अशा घरांनी संमती नूतन करायचं काम तो घरी असतानाच उरकावं आणि मुदत मिळेल तेवढी लांबची घ्यावी.