कमी तेलाची लेन आणि बेताच्या किमतीचा चेंडू : एक पार्श्वभूमी

जळगाव, भुसावळ, धुळे, नंदुरबार या पट्ट्यातील मुले शिक्षणासाठी किंवा नोकरीसाठी पुण्याला, नाशिकला, सुरतेला जातात आणि तेथील एखाद्या मॉलमध्ये बॉलिंगची, म्हणजे जड चेंडू घरंगळवत सोडून दूरच्या टोकाला उभ्या असलेल्या दहा पिना पाडण्याच्या खेळाची, लेन पहिल्यांदा पाहतात. बहुतेकांसाठी ती एका संध्याकाळची करमणूक असते. काहींना मात्र या खेळाचा नाद लागतो, आणि मग दोन-तीन महिन्यांत एकच प्रश्न पुढे येतो : स्वतःचा चेंडू घ्यायचा, तर कोणता? पैसे मोजके असतात. शोधायला बसले की सर्वांत महाग चेंडू आधी दिसतो, आणि तो सर्वांत जास्त वळतो हीच त्याची थोरवी म्हणून सांगितलेली असते.

माझ्या भाच्याने असाच एक जोरदार चेंडू साठवलेल्या पैशांतून घेतला. त्याचा पहिला खेळ मी मागे बसून पाहिला. फाउल लाइनच्या, म्हणजे चेंडू सोडताना जी ओलांडायची नसते त्या रेषेच्या, पुढे साधारण १२ ते १६ फुटांवर लेनमध्ये जे बाण असतात, ते ओलांडतो न ओलांडतो तोच चेंडू डावीकडे वळू लागला आणि पहिल्या पिनेला उजवीकडून भिडण्याऐवजी तिच्यासमोरून पलीकडे निघून गेला. सलग पाच-सहा वेळा असेच झाले. चेंडू परत आल्यावर मी त्यावर बोट फिरवून पाहिले. लेनवर जे तेल लावलेले असते त्याची पुसटशी रेघ होती, बोट जेमतेम चमकले. मुलाच्या हातात दोष नव्हता आणि चेंडूही उत्तमच होता. पण ज्या लेनसाठी तो घडवला होता, ती ही लेन नव्हती. चेंडूचे प्रत्येक नवे द्रव्य त्या त्या काळच्या लेनला दिलेले उत्तर होते, आणि हा इतिहास ठाऊक असला म्हणजे कमी तेलाच्या लेनवर स्वस्त चेंडू घेणे ही तडजोड का नाही, हे आपोआप उलगडते.

फाउल लाइनपासून पहिल्या पिनेपर्यंत लेन ६० फूट, म्हणजे सव्वाअठरा मीटरांहून किंचित जास्त असते. रुंदी साडेएक्केचाळीस इंचांच्या आसपास असते आणि ती ३९ पट्ट्यांत विभागलेली असते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस, म्हणजे १८९५ मध्ये न्यूयॉर्क येथे अमेरिकन बॉलिंग काँग्रेसची स्थापना होऊन नियम एकसारखे झाले, तेव्हा चेंडू लाकडाचे होते. ‘लिग्नम व्हिटी’ नावाचे हे लाकूड इतके जड की पाण्यात बुडते. सातपुड्याच्या पायथ्याशी राहणाऱ्यांना अंजनाच्या लाकडाची आठवण करून दिली म्हणजे अंदाज येईल. अंजनाचा ओंडका उचलणाऱ्यालाच त्याचे वजन कळते. लिग्नम व्हिटीत राळेचे प्रमाण मोठे असल्याने त्याला अंगचाच एक स्निग्धपणा असतो, आणि म्हणूनच जहाजांच्या पंख्याच्या दांड्याला आधार देणाऱ्या बेअरिंगमध्येही ते वापरले जात असे. मात्र लाकूड ते लाकूडच. ते तडकते, त्याचे कपचे निघतात, आणि गोलाई फार काळ टिकत नाही.

विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात कडक रबराचा चेंडू आला, आणि १९१४ मध्ये ब्रन्सविक कंपनीने ‘मिनरलाइट’ या नावाने आपला रबरी चेंडू बाजारात आणून तो गाजवला. पुढे सुमारे अर्धशतक रबराचेच राज्य होते. त्या काळी लेनसुद्धा खऱ्या लाकडाची असे. चेंडू जेथे आदळतो तो सुरुवातीचा भाग आणि पिना उभ्या राहतात तो शेवटचा भाग कठीण मेपलचा, आणि मधला लांब भाग मऊ पाइनचा. या लाकडावर आधी शेलॅकचा, म्हणजे आपल्या लाखेचा, आणि नंतर लॅकरचा लेप देत असत.

तेलाचा उगम या लेपात आहे. सोळा पौंडांपर्यंतचा, म्हणजे सव्वासात किलोंचा चेंडू दिवसभर शेकडो वेळा घासत गेला की लेप उतरतो आणि लाकूड उघडे पडते. ते वाचावे म्हणून सुरुवातीच्या भागावर तेलाचा पातळ हात फिरवला जाई. हे तेल खनिज तेल असते. जळगावच्या तेलगिरण्यांतील सरकीच्या किंवा शेंगदाण्याच्या तेलाशी त्याचा काही संबंध नाही. आपल्याकडे दाराची लाकडी चौकट कोरडी पडू नये म्हणून तिला तेलाचा बोळा फिरवतात, तितकाच साधा हेतू त्यामागे होता. खेळाडूला अडवावे किंवा मदत करावी हा विचार तेव्हा नव्हता. परंतु तेल असेल तेथे चेंडू सरकतो आणि तेल संपते तेथे तो पकड घेऊन वळतो, हे खेळणाऱ्यांच्या लवकरच ध्यानात आले. कॅरममध्ये पावडर जास्त पडली की स्ट्रायकर कसा सुसाट जातो आणि कमी असली की कसा अडखळतो, हे खान्देशातल्या प्रत्येक गल्लीतील मुलाला ठाऊक असते. लेनवरचे तेल हेच काम करते. फरक एवढाच की लेनवर ते सारखे पसरलेले नसते. फाउल लाइनपासून साधारण ४० फुटांपर्यंत तेल आणि पुढचे वीसएक फूट कोरडे, तसेच मधोमध जाड थर आणि दोन्ही कडांना विरळ, अशी सर्वसाधारण केंद्रांतील मांडणी असते.

१९६० च्या सुमारास पॉलिएस्टरचा, म्हणजे ज्याला सगळे नुसते ‘प्लास्टिक’ म्हणतात, तो चेंडू आला. ‘कोलंबिया ३००’ ही कंपनी याच चेंडूंवर उभी राहिली. तिचा ‘व्हाइट डॉट’ आजही मिळतो, ही गोष्ट मला फार बोलकी वाटते. लॅकरच्या लेनवर प्लास्टिकची पकड रबरापेक्षा वेगळी आणि पुरेशी होती. पण लॅकर ज्वालाग्राही होते, लेप देताना आगी लागत, आणि त्यामुळे १९७० च्या दशकात लेनवर युरेथेन या कृत्रिम द्रव्याचे अधिक कठीण लेप येऊ लागले. पृष्ठभाग कठीण झाला तसा चेंडू अधिक घसरू लागला. जी वळणे कालपर्यंत सहज मिळत होती, ती मिळेनाशी झाली.

१९७३ साली व्यावसायिक खेळाडू डॉन मॅक्यून यांनी प्लास्टिकचा चेंडू ‘मेथिल इथाइल कीटोन’ या द्रावकात भिजवून त्याचे कवच मऊ केले. मऊ कवच लेनला अधिक धरते. त्या वर्षी त्यांनी सहा स्पर्धा जिंकल्या आणि ते वर्षातील सर्वोत्तम खेळाडू ठरले. पाहता पाहता इतरही चेंडू भिजवू लागले. हे द्रावक पेट घेणारे आणि त्याची वाफ घातक, त्यामुळे बादलीत चेंडू बुडवून ठेवण्याचा हा उद्योग धोक्याचा होता. नियामकांनी लवकरच चेंडूच्या कठीणपणाची किमान मर्यादा घालून दिली आणि कवचाचा कठीणपणा मोजणारा ड्युरोमीटर या खेळात कायमचा आला. चेंडूच्या वजनाइतकेच, किंबहुना त्याहून अधिक, त्याच्या कातडीला महत्त्व आहे, हे या प्रकरणाने सगळ्यांना दाखवून दिले.

कारखान्यातूनच जास्त पकडीचा चेंडू यावा, या गरजेतून १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला युरेथेनचे कवच आले. एएमएफ कंपनीचा ‘अँगल’ हा त्यातील पहिला गाजलेला चेंडू. त्यानंतर दहाएक वर्षांनी, १९९० च्या दशकाच्या आरंभी, युरेथेनमध्ये इतर द्रव्ये मिसळून ‘रिअॅक्टिव्ह रेझिन’ तयार झाले. या कवचाला सूक्ष्म छिद्रे असतात आणि ते लेनवरील तेल शोषून घेते. तेलावरून घसरत जाऊन कोरड्या भागात पोचताच एकदम झडप घातल्यासारखे वळणे हा त्याचा स्वभाव आहे. दशकाच्या अखेरीस कवचात कणीदार द्रव्ये मिसळलेले चेंडूही आले. आतील गाभ्याचे आकारही बदलले. मो पिनेल यांच्यासारख्या रचनाकारांनी असममित, म्हणजे सर्व बाजूंनी सारख्या नसलेल्या, गाभ्यांवर आयुष्य वेचले.

चेंडू तेल पिऊ लागले, तेव्हा केंद्रांना तेल वाढवावे लागले. तेल वाढले, म्हणून आणखी जोरदार चेंडू बनले. ते आले, म्हणून स्पर्धांसाठी तेल पुन्हा वाढले. गेल्या तीस-पस्तीस वर्षांचा सगळा इतिहास या चढाओढीत सामावलेला आहे, आणि आजच्या महाग चेंडूची किंमत मुख्यतः त्या चढाओढीची किंमत आहे. भरपूर तेल कापून जाण्याची ताकद आपण विकत घेतो. जेथे तेलच थोडे, तेथे ती ताकद उपयोगी तर पडत नाहीच, उलट अंगावर येते, कारण चेंडू फार लवकर वळतो, वळण्यातच आपला जोर संपवतो आणि पिनांपर्यंत दमून पोचतो. चेंडू साधारण सहा अंशांच्या कोनातून पिनांत शिरला तर स्ट्राइकची, म्हणजे एकाच फेकीत दहाही पिना पडण्याची, शक्यता सर्वाधिक असते. दमलेला चेंडू त्या कोनात शिरला तरी पिना उडवत नाही.

मी पाहिलेली करमणुकीची केंद्रे तेल बेतानेच घालतात, आणि सुटीच्या दिवशी संध्याकाळी गर्दी झाल्यावर त्यातलेही फारसे उरत नाही. बाहेरगावी जाऊन महिन्यातून दोन-चारदा खेळणाऱ्या आपल्या भागातील खेळाडूच्या वाट्याला अशीच लेन येते, स्पर्धेची नव्हे. या लेनला उत्तर हवे असेल तर इतिहासात थोडे मागे जावे लागते, आणि मागे जाताना किंमतही बहुधा उतरत जाते.

सर्वांत मागे गेले की प्लास्टिक. ते तेल शोषत नाही, जवळजवळ सरळ जाते आणि उरलेल्या एक-दोन पिना पाडण्यासाठी, म्हणजे स्पेअरसाठी, मोठमोठे खेळाडूही तेच वापरतात. हाताला पुष्कळ फिरकी असेल तर अगदी कोरड्या लेनवर हाच चेंडू स्ट्राइकसाठीही पुरतो. युरेथेन लवकर पण सौम्यपणे, एकसंध कमानीत वळते, त्यामुळे त्याचा अंदाज बांधता येतो. मात्र हल्लीचे नवे युरेथेन चेंडू नेहमी स्वस्त असतातच असे नाही. ज्याचा वेग मध्यम आणि फिरकी बेताची आहे, त्याने प्राथमिक पातळीचा, मोतिया कवचाचा रिअॅक्टिव्ह चेंडू घ्यावा असे माझे मत आहे. ब्रन्सविकचा ‘ऱ्हायनो’ किंवा स्टॉर्मचा ‘ट्रॉपिकल सर्ज’ ही या जातीची उदाहरणे. मोतिया कवचात अभ्रकासारखे चमकदार द्रव्य असते आणि ते एकरंगी ‘सॉलिड’ कवचापेक्षा कोरड्या सुरुवातीवरून निर्वेध सरकते.

चेंडूच्या माहितीत दोन आकडे हमखास दिलेले असतात. ‘आरजी’ म्हणजे वजन केंद्रापासून किती दूर वाटलेले आहे याचे माप. नियमानुसार ते २.४६ ते २.८० इंचांच्या दरम्यान असावे लागते. आकडा जितका मोठा, तितका चेंडू उशिरा लोळू लागतो आणि पुढे लांब सरकतो. ‘डिफरन्शियल’ म्हणजे त्याच चेंडूच्या सर्वांत मोठ्या आणि सर्वांत लहान आरजीतील फरक. त्याची कमाल मर्यादा ०.०६० आहे, आकडा लहान असेल तर चेंडूचा फिरण्याचा अक्ष कमी सरकतो आणि वळण आटोक्यात राहते. कमी तेलासाठी आरजी २.५५ च्या आसपास किंवा वर, डिफरन्शियल ०.०३० च्या आसपास किंवा खाली, आणि पृष्ठभाग घासून खरखरीत न केलेला, पॉलिश केलेला असावा. दुकानात जो आकडा कमीपणाचा म्हणून सांगितला जातो, तोच येथे हवा असतो.

पैसे फारच थोडे असतील तर वापरलेला चेंडू घेण्यात मला काहीही गैर वाटत नाही. रिअॅक्टिव्ह चेंडू शेकडो खेळांत तेल पिऊन पिऊन मंदावतो, आणि पुष्कळ तेलावर खेळणारा खेळाडू तो काढून टाकतो. तोच मंदपणा कोरड्या लेनवर हवासा असतो. बोटांच्या दोन भोकांमधील चिंचोळ्या भागावर नखाने फिरवून पाहावे. भेग असेल तर नख अडकते, आणि तेथे सौदा थांबवावा. जुनी भोके बुजवून आपल्या हाताच्या मापाने नवी पाडून घेण्याचा खर्च किमतीत आधीच धरावा. पूर्वी समतोलासाठी पाडत असलेले, बोट न घालायचे चौथे भोक असेल तर तेही बुजवून घ्यावे लागते. अमेरिकेतील आजची नियामक संस्था असलेल्या युनायटेड स्टेट्स बॉलिंग काँग्रेसने १ ऑगस्ट २०२० पासून अशा भोकांना स्पर्धेत मनाई केली आहे.

आणि असा चेंडू घेऊन उन्हाळ्यात गावी येणाऱ्यांनी तो गाडीच्या डिकीत ठेवू नये. वैशाखात जळगाव-भुसावळचा पारा ४५ अंशांच्या घरात जातो, बंद डिकीत त्याहूनही वर, आणि तापलेल्या चेंडूचे कवच व गाभा सारखे प्रसरण पावत नसल्याने तो तडकू शकतो. घरात, माठाच्या बाजूच्या गार कोपऱ्यात, टॉवेलात गुंडाळून ठेवलेला चेंडू वर्षानुवर्षे टिकतो.