न जुळणारा ताळेबंद: समुद्र-हवा उष्णता विनिमय आणि उपग्रह

समुद्रातून हवेत किती उष्णता जाते हे कोणताही उपग्रह थेट मोजत नाही. त्याच्याकडून मिळतात त्या वारा, पाण्याचे तापमान, ढग आणि बाष्प यांच्या नोंदी. उष्णतेचा आकडा नंतर सूत्रांनी काढावा लागतो. जहाजांवरच्या नोंदींच्या काळातही पद्धत हीच होती. फरक इतकाच, की जहाजे व्यापारी मार्ग सोडून सहसा जात नसत आणि अंटार्क्टिकाभोवतीच्या दक्षिणी महासागराकडे हिवाळ्यात तर जवळपास कोणी फिरकतच नसे.

१९७८ साली सोडलेला अमेरिकेचा सीसॅट उपग्रह विजेच्या बिघाडामुळे सुमारे शंभर दिवसांत बंद पडला. पण रडारच्या परतलेल्या लहरींवरून समुद्रावरचा वारा ओळखता येतो, हे त्याने तेवढ्यात दाखवून दिले. पाण्याचे तापमान अवरक्त किरणांवरून काढणे १९८१ नंतर बरेच सुधारले. मात्र १९८२ मध्ये मेक्सिकोतल्या एल चिचोन ज्वालामुखीचा उद्रेक झाला, त्याचे कण वातावरणाच्या वरच्या थरांत पसरले आणि उपग्रहांना समुद्र प्रत्यक्षापेक्षा थंड दिसू लागला. सलग, वापरण्याजोगी मालिका खऱ्या अर्थाने १९८७ पासूनची. त्या वर्षी सूक्ष्मलहरी टिपणारे एसएसएम/आय उपकरण कक्षेत गेले आणि वाऱ्याचा वेग व हवेतले एकूण बाष्प एकाच उपकरणातून मिळू लागले. पुढे १९९९ मध्ये रडारने समुद्रावरचा वारा मोजणारा क्विकस्कॅट उपग्रह आला. नोव्हेंबर २००९ मध्ये त्याचा अँटेना फिरायचा थांबला, तेव्हा जेमतेम दोन महिन्यांपूर्वी सोडलेल्या भारताच्या ओशनसॅट-२ वरील स्कॅटरोमीटरची, म्हणजे वारा मोजणाऱ्या रडारची, वाऱ्याच्या नोंदी चालू ठेवायला मदत झाली.

वारा आणि पाण्याचे तापमान असे हाती आले, तरी पाण्यालगतच्या हवेची आर्द्रता आणि तापमान या दोन गोष्टी अडून राहिल्या. उपग्रहाला दिसते ते संपूर्ण उभ्या स्तंभातले बाष्प. बाष्पीभवनाच्या सूत्राला हवी असते ती पृष्ठभागापासून काही मीटरवरची आर्द्रता. १९८६ मध्ये या दोहोंना जोडणारा संबंध मांडला गेला. महिन्याच्या सरासरीला तो चालला, रोजच्या आकड्यांना चालला नाही. नव्वदीत थेट सूक्ष्मलहरींच्या नोंदींवरून आर्द्रता काढायची समीकरणे आली, त्यानंतर न्यूरल नेटवर्क, म्हणजे उदाहरणांवरून संबंध शिकणारे संगणकी प्रतिमान, आले. चूक कमी झाली, संपली नाही. सेकंदाला ८ मीटर वाऱ्यात आर्द्रता हवेच्या किलोमागे फक्त १ ग्रॅम चुकली, तरी बाष्पीभवनाच्या उष्णतेत चौरस मीटरमागे २५ ते ३० वॅटचा फरक पडतो. हा आकडा लक्षात ठेवावा, कारण खरा वाद याच आकाराच्या रकमेवरून झाला.

नव्वदीत जहाजांच्या नोंदींवरून जगभरच्या समुद्रांचा हिशेब मांडला गेला. त्यात समुद्राला चौरस मीटरमागे सुमारे ३० वॅट निव्वळ उष्णता मिळते असे निघाले. हे अशक्यच होते. एवढी उष्णता खरोखर साठत असती, तर समुद्र काही वर्षांतच ओळखू येणार नाही इतका तापला असता. प्रत्यक्षातली वाढ १ वॅटच्याही आत आहे. मग उरलेल्या रकमेचे करायचे काय? एका गटाने बाष्पीभवन सगळीकडे थोडे वाढवले, सूर्यप्रकाश थोडा घटवला आणि बेरीज शून्यावर आणली. हवामानाच्या प्रतिमानांना असेच संतुलित आकडे लागतात, त्यामुळे ते लोकप्रियही झाले. दुसऱ्या गटाने तफावत तशीच छापली.

उत्तर अटलांटिकच्या पूर्व भागात नांगरलेल्या संशोधन बोयांशी (उपकरणे बसवलेल्या तरंगत्या खांबांशी) तुलना झाल्यावर दुसऱ्या गटाचे म्हणणे वजनदार ठरले. तिथे मूळ आकडे बोयांच्या जवळ होते. जागतिक दुरुस्तीने ते लांब गेले. म्हणजे चूक सगळीकडे सारखी नव्हतीच, आणि सरसकट गुणक लावल्याने बरोबर असलेले प्रदेशही बिघडले. माझ्या मते इथेच या पद्धतीचा निकाल लागायला हवा होता. तसे झाले नाही. समतोल साधलेले आकड्यांचे संच पुढेही वापरात राहिले, आणि ते वापरणाऱ्या अनेकांना आकड्यांना आधीच हात लागला आहे याची कल्पनाही नसावी.

उपग्रहांचे संच आले की प्रश्न मिटेल, ही आशा फोल ठरली. १९९२-९३ मध्ये पश्चिम प्रशांताच्या उष्ण पाण्यावर झालेल्या मोठ्या मोहिमेतून सूत्रे सुधारली. पाण्याचा अगदी वरचा, मिलिमीटरपेक्षाही पातळ पापुद्रा खालच्या पाण्याहून अंशाच्या काही दशांशांनी थंड असतो, हेही हिशेबात आले. तरीही बाष्पीभवन उपग्रहांवरून आणि किरणोत्सर्ग (सूर्यप्रकाश व उष्णतेची किरणे) दुसऱ्या संचातून घेतला की बेरजेत दोन आकडी वॅट उरतातच.

गेल्या दशकभरात काहींनी सूत्रे बाजूलाच ठेवली. वातावरणाच्या माथ्यावर उपग्रहांनी मोजलेला किरणोत्सर्ग घ्यायचा, वाऱ्यांनी वाहून नेलेली ऊर्जा वजा करायची, आणि उरते ते पृष्ठभागातून गेले असे धरायचे. पद्धत चतुर आहे. पण माथ्यावरच्या त्या मोजमापातही मुळात ४ वॅटच्या आसपास जादा निघतात, आणि अर्गो तरंगकांनी (समुद्रात खाली-वर जात तापमान मोजणाऱ्या स्वयंचलित उपकरणांनी) मोजलेल्या समुद्राच्या तापवाढीशी ती जुळवूनच वापरली जातात. जुळवाजुळव इथेही आहे, फक्त एक पायरी वर.

आता भांडण जागतिक बेरजेपेक्षा प्रदेशांवर आले आहे. गल्फ स्ट्रीमसारख्या उबदार सागरी प्रवाहांवर हिवाळ्यात कोरडी थंड हवा उतरते, तिथे आणि दक्षिणी महासागरात निरनिराळ्या संचांमधली फारकत सर्वांत ठळक दिसते. दक्षिणी महासागरात उष्णता विनिमय मोजणारा पहिला नांगरलेला बोया टास्मानियाच्या नैर्ऋत्येला बसला तो २०१० मध्ये. म्हणजे उपग्रहांच्या मालिकेतली पहिली वीसहून अधिक वर्षे तिथे अशा बोयावरून सलग पडताळायची सोयच नव्हती.