पंप ऑटोवर गेला तरी जेवण तुमच्याकडेच

टाइप वन मधुमेहासाठी इन्सुलिनचा पंप घेतलेल्या मोठ्या माणसांतही एक घोळ काही केल्या मिटत नाही: पंप म्हणजेच ऑटो मोड, आणि ऑटो मोड म्हणजे आता काही करायला नको. साधा पंप तुम्हाला माहीत आहेच. बेसल (दिवसरात्र थेंबथेंब जाणारं इन्सुलिन) ठरलेल्या दराने, जेवणाला बोलस (एकदम दिलेला डोस), दोन-तीन दिवसांनी सेट (नळी आणि चिकटपट्टी) बदलायचा. ऑटोमध्ये तेच यंत्र दर ५ मिनिटांनी अंगावरचा शुगर मोजणारा सेन्सर पाहून इन्सुलिन कमी-जास्त करतं आणि लागलं तर करेक्शनही (चढलेली शुगर उतरवणारा डोस) देतं. नळी, चिकटपट्टी सारखीच. सेन्सरचा खर्च तेवढा वाढतो.

खरी ठेच जेवणाला लागते. यंत्राला शुगर दिसते, पाव दिसत नाही. त्यात सेन्सर रक्ताच्या ५-१० मिनिटं मागे, आणि रॅपिड इन्सुलिन कामाला लागायला १०-१५ मिनिटं, भरात यायला तासभर. यंत्र धावेपर्यंत शुगर वर निघालेली असते. म्हणून रविवारी नाशकात गंगापूर रोडला मिसळ खायला गेलात तर बोलस तुम्हीच द्यायचा. लादीचा एक पाव साधारण १५ ग्रॅम कार्ब्ज (कर्बोदकं). दोन पाव, मटकी आणि फरसाण मिळून ५०-५५. बोलस १०-१५ मिनिटं आधी हवा, पण दारात नंबर लावला की लगेच नको, रांग अर्ध्या तासाची निघू शकते. टेबलावर बसून ऑर्डर दिली की द्या. वर तिसरा पाव घेतलात तर त्याचे १५ पंपात वेगळे टाका.

बोलस विसरलात तर साध्या पंपाची सवय घात करते. तिथे आठवेल तेव्हा पूर्ण बोलस, असं हाताला बसलेलं असतं. ऑटोमध्ये तोवर चढती शुगर पाहून यंत्राने आपल्या परीने बरंच इन्सुलिन सोडलेलं असतं. त्यावर पूर्ण ५० टाकले की काही वेळाने लो (शुगर फार खाली जाणं) ठरलेला. साधारण हिशेब असा: अर्धा तास उलटला असेल तर निम्मे कार्ब्ज, तास उलटला असेल तर काहीच नाही, यंत्राला निस्तरू द्या. शुगर उतरत नाही म्हणून न खाल्लेले कार्ब्ज टाकायची खोड तर साफ सोडा.

लोचं गणितही याच कारणाने बदलतं. लो झाला की १५ ग्रॅम साखर हा पाठ असलेला नियम इथे बऱ्याचदा जास्त होतो, कारण ऑटोने इन्सुलिन आधीच रोखलेलं असतं. ५-१० ग्रॅम घ्या, १५ मिनिटांनी पुन्हा बघा. दोन चमचे साखर, नाहीतर हंगामात दहा-बारा द्राक्षं. नाशकात ती कमी पडायची नाहीत. नुकताच बोलस दिला असेल किंवा पांडवलेणी चढून आला असाल तर जास्त लागेल. घरचे मायेने पेढा पुढे करतात, तो नको. त्यातल्या स्निग्धांशामुळे साखर उशिरा चढते.

'डॉक्टर, बेसल वाढवून द्या' हा आग्रहही ऑटोमध्ये फुकट. मिनीमेड ७८०जी या पंपात तर साठवलेले बेसल दर ऑटोवर वापरलेच जात नाहीत. त्यात हाताशी राहतं ते शुगरचं लक्ष्य (१००, ११० किंवा १२०), इन्सुलिन सक्रिय राहण्याचा वेळ (२ ते ८ तास) आणि कार्ब रेशो (एक युनिट इन्सुलिन किती ग्रॅम कार्ब्जना). जेवणानंतरच शुगर चढत असेल तर आधी बोलसची वेळ तपासा, मग रेशो. बेसल दर मात्र पुसू नका. यंत्र ऑटोतून मॅन्युअलवर, म्हणजे साध्या पंपासारखं, आलं की तेच लागतात.

कॅन्युला (सेटची त्वचेखालची बारीक नळी) वाकली तर ऑटोला कळत नाही. ते इन्सुलिन सोडत राहतं, शरीरात काही जात नाही. शुगर २५०च्या वर अडकून करेक्शनला दाद देत नसेल तर कीटोन (इन्सुलिन कमी पडलं की रक्तात वाढणारी आम्लं) तपासा, इन्सुलिन पेनने घ्या, सेट बदला. पेनचा डोस यंत्राच्या हिशेबात येत नाही, म्हणून पुढचे चारेक तास ऑटो बंद ठेवा.